खोट्या कड्याची कैफियत

जिथे कडा नाही तिथे कडा आहे असे एखादे यंत्र वारंवार सांगू लागले, तर त्या मुक्या जिनसेवर रागावण्यात काही अर्थ नाही. राग धरावा तो त्या माणसांवर, जी अशा यंत्रांची दुरुस्ती करण्याचा पगार घेतात, आणि तरीही यंत्र उलटे करून पाहण्याची तसदी न घेता सारा दोष घराच्या फरशीवर आणि फरशीवरून घरधन्यावर ढकलून मोकळी होतात. पुढील मजकूर थोडा मन मोकळे करण्यासाठी व बराचसा इतरांची अशीच फरफट होऊ नये म्हणून लिहीत आहे.

आमच्या दिवाणखान्यात फिकट बदामी रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, प्रत्येक दाराच्या चौकटीखाली काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आणि स्वयंपाकघराच्या अलीकडून खाली उतरणारा जिना, अशी घराची रचना असून, घर झाडणारा आमचा रोबो त्या काळ्या पट्ट्यांपाशी घुटमळतो, क्वचित मागे फिरतो, हे पहिल्या आठवड्यापासून घरातल्या सर्वांना ठाऊक होते व त्याबद्दल आमची तक्रारही नव्हती. तक्रार उद्भवली ती गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस. ज्या टाइल्सवर तो कित्येक महिने बिनबोभाट फिरला होता त्याच टाइल्सवर, भर दिवाणखान्यात, तो दोन हात चालून थबकू लागला, मागे सरकून स्वतःभोवती गिरकी घेऊ लागला, आणि अखेर क्लिफ सेन्सरमध्ये बिघाड आहे, यंत्र सपाट जागी ठेवा, असे फर्मान खणखणीत आवाजात सोडून निश्चल होऊ लागला. त्याहून अधिक सपाट जागा आमच्या घरात नाही.

वास्तविक हा क्लिफ सेन्सर, म्हणजे कडा ओळखणारा सेन्सर, ही काही अगम्य विद्या नव्हे. यंत्राच्या पोटाखाली, पुढच्या बंपरच्या कडेने, गडद प्लॅस्टिकच्या तीन-चार, काही यंत्रांत सहा, लहान खिडक्या असतात. प्रत्येकीच्या आत एक बारीक दिवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली सोडतो, आणि त्यातला किती प्रकाश जमिनीवरून परत आला याची मोजदाद शेजारचा प्रकाशग्राही घटक करतो. पुरेसा परत आला तर खाली जमीन आहे, फारच क्षीण आला तर खाली पोकळी आहे, एवढाच त्याचा निवाडा. २००२ साली अमेरिकेतील आयरोबॉट कंपनीने रूम्बा बाजारात आणला तेव्हापासून ही युक्ती या यंत्रांत आहे, आणि तिची उणीवही तितकीच जुनी आहे: यंत्राला काळोख आणि खोली यांतला भेद कळत नाही. काळा ग्रॅनाइट किंवा काळी घोंगडी प्रकाश गिळते, आणि ग्रॅनाइटला झिलई असेल तर उरलेला प्रकाश भलतीकडे फेकला जातो. उंबरठ्यावर चढताना यंत्राचे तोंड वर उचलले गेले की जमीन दूर गेल्याचा भास होतो. उन्हातही अवरक्त किरण असल्याने ते थेट खिडकीवर आले तर मोजदाद बिघडते. आणि खिडकीवर धुळीचा पापुद्रा बसला तर खाली संगमरवर असला तरी परत येणारा प्रकाश अपुराच पडतो. मुख्य कारणे एवढीच आहेत, आणि ती ज्याला तोंडपाठ असावीत असा माणूस जेव्हा आमच्या घरी आला, तेव्हा त्याने काय केले ते आता सांगतो.

त्याच्या आधी मदतकेंद्राच्या फोनवरील संभाषण झाले होते, त्याविषयी फार लिहीत नाही. यंत्र बंद करून सुरू करा, रिसेट करा, सेन्सर पुसा; हे सर्व केले आहे असे सांगितल्यावर, "पुन्हा एकदा पुसून बघा, सर." पुसून झाल्यावर तक्रार क्रमांक मिळाला आणि बऱ्याच प्रतीक्षेनंतर तंत्रज्ञ आला. मुलगा वागायला सभ्य, बूट दाराबाहेर काढून आत आलेला. परंतु आत पाऊल टाकताच त्याची नजर चौकटीखालच्या काळ्या पट्टीवर गेली आणि तेथेच त्याचा निकाल तयार झाला.

"काका, तुमची फरशी काळी आहे ना, त्यामुळेच होतंय. काळ्या फरशीवर हा एरर येणारच."

मी त्याला यंत्र दाखविले. ते बदामी टाइल्सवर उभे होते व सर्वांत जवळची काळी पट्टी तेथून निदान सहा फूट दूर होती.

"हो, पण घरात काळी आहे ना."

महसूल खात्यात उभी हयात काढलेल्या आणि नाना तऱ्हेचे खुलासे वाचलेल्या माणसालाही या उत्तरावर टिपणी सुचली नाही. यानंतर त्याने यंत्र उलटे करावे, निदान खिडक्यांकडे एकवार पाहावे, अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी त्याने आवाज किंचित खाली आणून मला विश्वासात घेतले. "एक काम करा काका. खालच्या सेन्सरवर पांढरी पट्टी चिकटवून टाका. सगळे तेच करतात." मी जिन्याकडे बोट दाखविले. "तिकडे जाऊ देऊ नका," तो म्हणाला. तेव्हा मी म्हटले, "ठीक आहे. पट्टी चिकटवण्याचा सल्ला तेवढा जॉबशीटवर लिहून द्या, म्हणजे मी आत्ता चिकटवतो."

"तसं लिहिता येत नाही, काका."

या पाच शब्दांनी जे उघड केले, ते त्यापूर्वीच्या सगळ्या फोनांनी केले नव्हते. वॉरंटीच्या कागदात बारीक अक्षरांत असे कलम होते की ग्राहकाने यंत्रात केलेल्या कोणत्याही फेरफारामुळे वॉरंटी रद्दबातल होईल. म्हणजे तोंडी सल्ला मानून मी पट्टी लावावी, कड्याची जाणीव नाहीशी झालेले यंत्र एखाद्या दुपारी जिन्यावरून गडगडत खाली यावे, आणि मग त्याच कंपनीने ती पट्टी पुराव्यादाखल पुढे ठेवून माझा दावा निकालात काढावा, अशी सोय आपोआप झाली असती. तो मुलगा लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याला दिवसाकाठी किती घरे उरकायची असतील कोण जाणे. परंतु जो सल्ला देणारा स्वतःच्या सहीखाली लिहून देऊ शकत नाही, तो सल्ला केवळ ऐकणाऱ्याच्या जोखमीचा असतो, हे त्या क्षणी मला जितके लख्ख दिसले तितके सरकारी नोकरीत असतानाही कधी दिसले नव्हते.

तो गेल्यावर मी स्वतःच रुजुवात घ्यायला बसलो. दिवाणखान्याचे पडदे ओढून ऊन बंद केले, टाइल्सवर पांढरी चादर ताणून तिच्या कडा सोफ्याच्या पायांखाली दाबल्या आणि यंत्र मधोमध सोडले. शुभ्र चादरीवरही त्याला कडाच दिसला. फरशीवरील आरोप तेथेच खारीज झाला. मग मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून टीव्हीच्या रिमोटकडे पाहिले. रिमोटचे बटण दाबताच त्याच्या टोकाशी फिकट जांभळा ठिपका दिसला, याचा अर्थ हा कॅमेरा अवरक्त प्रकाश पाहू शकतो. (मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश बहुधा गाळला जातो, म्हणून पुढचा वापरावा.) खोलीत अंधार करून, यंत्र सुरू होताच ते उचलून पोटाकडून कॅमेऱ्यासमोर धरले. चाके लोंबल्याचे कळताच ते थांबते, त्यामुळे पाहायला काही क्षणच मिळतात. परंतु तेवढे पुरले. चारांपैकी तीन खिडक्यांत नितळ ठिपके होते आणि डावीकडच्या पुढल्या खिडकीत नुसता फिसकटलेला, मलूल डाग. ती खिडकी बाहेरून पुन्हा पुसली, तरी डाग तसाच. मळ बाहेर नव्हताच. तो खिडकीच्या आतल्या अंगाला होता, पावसाळी दमट हवा, बारीक धूळ आणि शेजारच्या स्वयंपाकघरातील फोडण्यांची वाफ यांनी मिळून तो तेथे बसविला असावा.

ही माहिती हाती घेऊन यंत्र सेवाकेंद्रात नेले, तर त्यांनी ते उघडण्यापूर्वीच मदरबोर्ड बदलण्याचा अंदाजपत्रकी आकडा माझ्यापुढे ठेवला व फरशीमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही असेही वर ऐकविले. चष्म्याची काच धुरकट झाली म्हणून डोळ्याची शस्त्रक्रिया सुचवावी तसला हा प्रकार. मी चादरीवरील चाचणीचे व त्या मलूल डागाचे चित्रीकरण दाखविले, लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली आणि खालचे आवरण माझ्यादेखत काढावे असा आग्रह धरला. बरीच कुजबुज झाल्यानंतर ते काढण्यात आले. आतून फिरविलेला कापसाचा बोळा करडा होऊन बाहेर आला. मदरबोर्ड जुनाच आहे, आणि यंत्र आजतागायत दिवाणखान्यात विनातक्रार फिरत आहे.

आता ज्यांच्यावर ही वेळ आली आहे किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी.

सर्वप्रथम बिघाड जागेचा आहे की यंत्राचा, हे ठरवावे, आणि ते ठरेपर्यंत कोणाचेही निदान स्वीकारू नये. एरर नेहमी त्याच पट्टीपाशी, त्याच गालिच्यावर किंवा उन्हाच्या त्याच कवडशात येत असेल तर दोष जागेचा. फिकट, सपाट, सावलीतल्या जमिनीवर कोठेही येत असेल तर दोष यंत्राचा. चादर मात्र ताणलेली असावी, अन्यथा ती ब्रशमध्ये गुंतून नवेच प्रकरण उभे राहील.

खिडक्या पुसायच्या त्या चष्म्याच्या कोरड्या, मऊ फडक्याने. तेलकट चिकटा असेल तर फडके किंचित ओलसर करून लगेच कोरडे पुसावे. थिनर, ॲसिटोन, अत्तर यांपैकी काहीही लावू नये, कारण त्यांनी प्लॅस्टिक कायमचे धुरकटते. कॅमेऱ्याची लेन्स साफ करण्याची रबरी फुंकणी मिळते, तिने बंपरच्या फटीतून हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, त्याने आत ओल जाते. ओला पोछा लावणारे यंत्र असेल तर काम झाल्यावर पोछ्याचे कापड काढून ठेवावे. सणासुदीला रांगोळी असेल तेथे यंत्र अजिबात सोडू नये. त्या पुडीने खिडक्याच काय, चाकेही भरतात.

चाके आणि बंपरही तपासावेत. चाकात केस गुंतून ते नीट वर दबत नसेल, तर यंत्र उचलले गेल्याची समजूत करून घेते. हा एरर वेगळा असतो, पण फोनवरची मंडळी दोन्ही एकाच माळेत ओवतात. उंबरठा सुमारे दोन सेंटिमीटरहून उंच असेल तर त्यावर यंत्राला चढविण्याचा हट्ट धरू नये.

फरशी खरोखरच काळी असेल, तर ॲपमधील नकाशावर तेवढा भाग निषिद्ध म्हणून आखून द्यावा. काळी घोंगडी किंवा गडद सतरंजी गुंडाळून ठेवावी. पांढऱ्या पट्टीची युक्ती पुष्कळ लोक करतात हे खरे आहे, परंतु ज्या घरात जिना नाही, बाल्कनीला पायरी नाही, आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून खोलगट केलेल्या न्हाणीघराचे दार नेहमी बंद असते, अशाच घरात ती करावी, आणि वॉरंटीची मुदत संपल्यावर करावी. अशी घरे आपल्याकडे किती आहेत, ते ज्याने त्याने पाहावे.

बिल जपून ठेवावे, खोके लगेच रद्दीत देऊ नये, शब्दाला शब्द वाढवू नये, हे उपदेश सर्वांनाच ठाऊक आहेत; पाळले जात नाहीत, एवढेच. बिघाड होत असतानाचे चित्रीकरण मात्र अवश्य करावे, कारण तंत्रज्ञासमोर यंत्र हटकून शहाण्यासारखे वागते. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला असून, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रार दाखल करण्यास शुल्क पडत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मिळते. मला तेथवर जावे लागले नाही, परंतु अर्जात कायद्याचा नामनिर्देश होता, आणि आवरण उघडले गेले ते त्यानंतरच, ही गोष्ट नमूद करणे मला अगत्याचे वाटते.

शेवटची सूचना जॉबशीटविषयी. काम पुरे झाल्यावर माझ्यापुढे सहीसाठी जो कागद आला, त्यात केलेल्या कामाच्या रकान्यात, खिडकीच्या आतील धुळीचा उल्लेखही न करता, "ग्राहकास यंत्राच्या योग्य वापराबाबत मार्गदर्शन केले" एवढेच लिहिलेले होते. असल्या मजकुराखाली मुकाट सही केली की पुढच्या बिघाडाच्या वेळी तोच कागद तुमच्या अयोग्य वापराचा दाखला ठरतो; म्हणून सहीपूर्वी प्रत्यक्ष काय सापडले व काय दुरुस्त झाले ते स्वतःच्या हस्ताक्षरात, तारखेसह, त्याच कागदावर लिहावे आणि प्रत मागून घ्यावी. मी लिहिले, "डाव्या पुढील क्लिफ सेन्सरच्या खिडकीच्या आतील धूळ ग्राहकाने दाखविल्यावरून साफ करण्यात आली. फरशीचा संबंध नाही. मार्गदर्शन ग्राहकाकडून झाले." सेवाकेंद्राच्या व्यवस्थापकांनी ते दोनदा वाचले, आणि शिक्का मारून दिला.