मोबाइल देण्याआधी वचन द्या



अनोळखी माणूस गोड बोलून मुलीकडून फोटो मागतो आणि मग तोच फोटो गावभर करीन म्हणून धमकावतो. मुलगी गप्प राहते, कारण घरचे शाळा बंद करतील ही भीती तिला जास्त वाटते. म्हणून मुलांना आधी वचन द्या, “काहीही झाले तरी सांग, आम्ही तुझ्या बाजूने आहोत.”

मग तीन गोष्टी शिकवा :

१. धमकावणाऱ्याला पैसे किंवा दुसरा फोटो देऊ नये.
२. संदेश पुसू नयेत. तो पुरावा आहे.
३. १०९८ या बालमदत क्रमांकावर, पैसे गेल्यास लगेच १९३० वर फोन करावा.

१८ वर्षांखालील मुलामुलींना २०१२ च्या पोक्सो कायद्याचे संरक्षण आहे. दोष मुलांचा नव्हे, धमकावणाऱ्याचा आहे.