स्वमग्नता : बालपण ते प्रौढावस्था आणि वैद्याचे कर्तव्य

‘मूल तीन वर्षांचे झाले, अजून बोलत नाही, जीभ जड असेल, काही तरी द्या,’ ही मागणी चंद्रपूर-गडचिरोलीच्या वैद्यांस नवी नाही. अशा बालकांपैकी काही स्वमग्न असतात. त्यांच्याविषयीचे आजचे ज्ञान व आपले कर्तव्य यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा बालकांच्या निरीक्षणांतून ही अवस्था वैद्यकासमोर मांडली. पुढे काही दशके मातेच्या कोरड्या वागणुकीस दोष दिला गेला. तो समज आता त्याज्य ठरला आहे. मेंदूच्या जडणघडणीतील हा भेद असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लसीकरणास कारण ठरविणारा १९९८ चा शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला. काही विद्वान हिची गणना उन्मादात करतात, ते आम्हांस पटत नाही. उन्मादात मन, बुद्धी, स्मृती इत्यादींचा विभ्रम होतो. येथे घडणच निराळी असते. ‘स्वमग्न’ हा शब्दही थोडा फसवाच. मूल जाणूनबुजून स्वतःत बुडालेले नसते.

वर्षभराचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षाचे होऊनही बोटाने वस्तू दाखवीत नाही, आलेले शब्द गमावते, ही लक्षणे शोधावीत. आपल्या भागात एक दक्षता अधिक हवी. घरी माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली बोलली जाते. मराठी प्रश्नास उत्तर न देणारे मूल स्वमग्न असेलच असे नाही; आजीला तिच्या भाषेत हाक मारावयास सांगून पाहावे. श्रवणपरीक्षा प्रथम करून घ्यावी. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकांत आयुष वैद्यांचीच योजना आहे. संशयित बालकास पथकामार्फत जिल्हा स्तरावर पाठवावे, ‘मोठा झाला की बोलेल’ असे सांगून दोन वर्षे दवडू नयेत.

स्वमग्नता नाहीशी करणारे औषध कोणत्याही पॅथीत नाही. वाचा व व्यवसायोपचार, चित्रांद्वारे संवाद, ठरलेला दिनक्रम यांनीच जगणे सुकर होते. मलावष्टंभ, अनिद्रा यांची चिकित्सा आपण अवश्य करावी. परंतु स्मृतिसागर रसात पारद, हरताल व मनःशिला आहेत. ‘बुद्धीचे औषध’ म्हणून तो बालकास महिनोन्महिने देणे अथवा चिठ्ठीविना विकणे सर्वथा अनुचित. विषारी द्रव्यांच्या ई(१) परिशिष्टातील घटक असलेल्या कल्पांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली’ घेण्याची सूचना असते, ती औषधालयमालकांनी वाचून दाखवावी. शरीरातील धातू काढण्याच्या नावाखाली २००५ मध्ये अमेरिकेत ईडीटीएचे इंजेक्शन दिलेला एक स्वमग्न बालक दगावला होता. स्वमग्नतेसह अपस्मार पुष्कळदा आढळतो. त्याची चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.

बालक अठराचे झाले म्हणून स्वमग्नता सरत नाही. तेंदूच्या हंगामात सत्तर पानांचा पुडा अचूक बांधणारा, पण फळीवरील गोंगाटात कान झाकून बसणारा तरुण कदाचित असाच असेल. त्याला कोपऱ्यात शांत जागा दिली की काम होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून प्रौढासही कायदेशीर पालक नेमता येतो. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षास एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. वृद्ध मातापित्यांना हे बहुधा कोणी सांगितलेले नसते.

अशा प्रौढास आठवडी बाजाराच्या दिवशी तपासणीस बोलावू नये. नाडी पाहण्यापूर्वी ‘हात धरतो’ असे सांगावे. वेदना त्याला शब्दांत सांगता येईलच असे नाही. वागणूक एकाएकी बिघडली, डोके आपटणे सुरू झाले, तर दात, कान व पोट आधी तपासावे.