गाडी विजेची की सर्वांची?



धर्मगुरू निवासाची गाडी आता चौदा वर्षांची झाली. ह्या पावसाळ्यात ती दोनदा बंद पडली आणि नवीन गाडीचा विषय पॅरिश कौन्सिलपुढे आला. "फादर, ह्या वेळी इलेक्ट्रिकच घ्या, प्रदूषण शून्य," असे आम्हांला अनेकांनी सुचवले. सूचना चांगली आहे. फक्त तो 'शून्य' आम्ही जरा तपासून पाहिला.

विजेची गाडी धूर सोडत नाही, हे खरे. पण तिची वीज कुठेतरी तयार होते. आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूला, कोळशावर चालणारे ५०० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. देशातील बहुतांश वीज आजही कोळशापासूनच मिळते. त्यामुळे सर्व स्रोत मिळून एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लहान विजेची मोटार एका युनिटवर सहा-सात किलोमीटर चालते, म्हणजे किलोमीटरला ११० ग्रॅमच्या आसपास. लिटरला १७ किलोमीटर देणारी पेट्रोलची गाडी धरली, तर तिचे सुमारे १३५ ग्रॅम होतात. फरक आहे, पण शून्य नव्हे. अर्थात सौर व पवनऊर्जा वाढेल तसा हा फरक वाढेल. आणि शाळेसमोरच्या मुलांच्या नाकात धूर जात नाही, हेही काही थोडे नाही.

आता बस पाहू. एक लिटर डिझेल जळले की २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. बस लिटरला चार किलोमीटर जाते असे धरले, तर किलोमीटरला ६७० ग्रॅम. आकडा भयंकर वाटतो. पण आत चाळीस माणसे असली, तर माणशी १७ ग्रॅमच पडतात! एकट्याने चालवलेल्या नव्याकोऱ्या विजेच्या मोटारीपेक्षा खडखडणारी डिझेल बस सहापट बरी. तीच बस चार प्रवाशांना घेऊन धावली, तर मात्र हिशेब उलटतो. म्हणजे इंधन कोणते, ह्याइतकेच आत माणसे किती, हेही महत्त्वाचे.

सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना द्रव्य आणि गुण हा भेद आम्ही घोकला होता. पेट्रोलच्या जागी बॅटरी आली की गाडीचा गुण बदलतो. एका माणसासाठी टनभर लोखंड हलवायचे, हे द्रव्य तसेच राहते. स्टेशनबाहेरची कोंडीही तशीच. (तत्त्वज्ञानाचा असा उपयोग आमच्या प्राध्यापकांना रुचला नसता.)

खरे तर वसईकरांना विजेची गाडी नवी नाही. विरारपर्यंत विजेची लोकल १९३६ साली आली. आपले आजोबा-पणजोबा भाजी, फुले, दूध घेऊन तिनेच मुंबईला जात. विजेवर चालणारे आणि सर्वांचे, असे दोन्ही गुण त्या एकाच गाडीत होते. १ जून २०२२ रोजी एसटीने पुणे-नगर मार्गावर विजेची 'शिवाई' सुरू केली, तीही ह्याच वाटेने जाणारी.

मग आपण मोटार का घेतो? केवळ प्रतिष्ठेसाठी, असे आम्ही म्हणणार नाही. विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्याला पर्यावरणाचे धडे कोणत्या तोंडाने द्यायचे? संध्याकाळी स्टेशनवरून सुटणारी बस कधी येते, कधी येतच नाही, हे आम्ही स्वतः रांगेत उभे राहून अनुभवले आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात सार्वजनिक वाहतुकीला प्राधान्य द्यावे, ह्या तज्ज्ञांच्या मताची नोंद घेतली. पण गर्दी, गैरसोय आणि असुरक्षितता दूर केल्याशिवाय लोक ते स्वीकारणार नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. ब्युनोस आयर्सला आर्चबिशप असताना ते स्वतः बसने आणि भुयारी रेल्वेने फिरत. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना विजेची पोपमोबिल मिळाली, तीही त्यांनी आनंदाने स्वीकारली.

आमचे म्हणाल तर, रात्री दोन वाजता रुग्णाला तैलाभ्यंग द्यायला जायचे असते तेव्हा बस नसते. म्हणून गाडी लागेल. ती लहान आणि विजेची घ्यावी, असे आम्ही कौन्सिलला सुचवले आहे. दिवसाच्या सभांना मात्र आम्ही बसनेच जाऊ. रविवारी चर्चच्या मैदानात बहुतेक मोटारींतून एक-दोन माणसेच उतरतात. शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना विचारा, त्या रिक्षाची वाट पाहत उभ्या असतील.

बसच्या फेऱ्या वाढवण्यासाठीचे निवेदन तयार आहे. आज मिस्सानंतर मंडपात टेबलावर ठेवले आहे. सह्यांना येताना आपल्याला कोणत्या वेळेची बस हवी, तेही लिहा. नुसत्या सह्यांपेक्षा त्या वेळा उपयोगी पडतील.