पहिली शिडाची सफर कुठे करावी?

प्रश्न : आम्ही चौघं ग्रीसच्या बेटांत आठवडाभर शिडाच्या बोटीनं फिरायचं म्हणतोय. समुद्राची सवय नाही. कसं जमवावं? – एक वाचक, पालम (जि. परभणी)

उत्तर : सँटोरिनीचा मोह आवरा. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वारा कधी कधी सलग काही दिवस जोरात वाहतो; नवख्यांना तो झेपत नाही. पश्चिमेकडच्या लेफकादा, मेगानिसी, इथाका या आयोनियन बेटांकडे जा. लेफकादा आणि मुख्य भूमीमधलं पाणी आडोशाचं. सकाळ बहुधा शांत, दुपारी वायव्येचा वारा, संध्याकाळी तो पडतो. मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. बोट स्वतः चालवायला परवाना लागतो, म्हणून कप्तान भाड्यानं घ्याच. शेंगेन व्हिसाचंही वेळेत बघा. पण त्याआधी, पावसाळा सरल्यावर, मुंबईत गेटवेजवळ शिडाच्या बोटीत एक दुपार काढा. कुणाला बोट लागते, ते तिथेच कळेल.