चामखिळीचा विषाणू : माकडांची साक्ष आणि माणसाचे आरोग्य

चामखीळ ही क्षुल्लक व्याधी मानली जाते. परंतु ती ज्या पॅपिलोमा विषाणूंमुळे उद्भवते, त्यांच्याच कुलातील काही विषाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत होतात. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली भारतात या कर्करोगाचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ऐंशी हजार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. या विषाणूचा उलगडा कसा होत गेला, हे जाणून घेणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

सशापासून प्रारंभ

एका मिलिमीटरच्या अंतरात एका ओळीने सुमारे अठरा हजार मावतील, इतके हे विषाणू सूक्ष्म असतात. अमेरिकेतील रिचर्ड शोप यांनी १९३३ साली रानसशांच्या अंगावरील चामखिळीसारख्या गाठी विषाणूमुळे होतात, असे दाखवून दिले. १९३५ मध्ये पेटन राउस व जोसेफ बियर्ड यांनी पाळीव सशांत अशा गाठींचे कर्करोगात रूपांतर होते, हे निदर्शनास आणले. पुढे जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ व १९८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात या विषाणूचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले. या कार्याबद्दल त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक लाभले.

नरवानर गणाची साक्ष

संशोधनात एक मोठी अडचण होती. हा विषाणू सहसा आपला आश्रयदाता सोडीत नाही. मानवी विषाणू उंदरांत अथवा सशांत रुजत नाही. त्यामुळे माणसाच्या जवळच्या आप्तांकडे वळणे क्रमप्राप्त झाले.

ऱ्हीसस जातीच्या एका नर माकडाच्या कर्करोगात असाच विषाणू सापडला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या नराशी समागम झालेल्या अनेक माद्यांतही त्याचा संसर्ग आढळला आणि काहींच्या गर्भाशयमुखात विकृतीही दिसून आली. आग्नेय आशियातील खेकडे खाणाऱ्या माकडांतही मानवी १६ क्रमांकाच्या प्रकाराशी जवळीक असणारे विषाणू मिळाले. बोनोबो या वानराच्या तोंडात गाठी उठविणारा विषाणू तर मानवी १३ क्रमांकाच्या प्रकाराचा निकटचा नातलग आहे. माणूस व वानर यांच्या पूर्वजांबरोबरच हे विषाणूही प्राचीन काळापासून वाटचाल करीत आले असावेत, असे यावरून दिसते.

विलंबाचे वरदान

या विषाणूची दोन प्रथिने पेशींच्या वाढीस आवर घालणारी यंत्रणा निकामी करतात. तथापि बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप ओसरतात. जो टिकून राहतो, त्याचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. हा विलंब म्हणजेच रोग रोखण्याची संधी होय.

या संधीचा प्रत्यय आपल्याच राज्यात आला. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय त्यात सहभागी होते. ज्या गटास विषाणूची चाचणी एकदाच उपलब्ध करून देण्यात आली, त्या गटात या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आले. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आपले कर्तव्य

विषाणूच्या केवळ बाह्य कवचातील प्रथिनापासून तयार केलेली लस २००६ पासून उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने विकसित केलेल्या भारतीय लशीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली. नऊ ते चौदा वर्षे वयाच्या मुलींना ती सर्वाधिक उपयुक्त ठरते. मात्र लस घेतली तरी पुढे तपासणी टाळता येत नाही.

खरा अडसर आहे तो संकोचाचा. 'मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?' असे अनेक भगिनी म्हणतात. पण प्रारंभी हा रोग त्रास देत नाही, हेच त्याचे कपट आहे. संसर्गाचा संबंध चारित्र्याशी जोडणे तर सर्वथा अनुचित होय. जो विषाणू माकडांतही सहज आढळतो आणि बहुसंख्य स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा स्पर्शून जातो, त्याची लाज कसली? शिक्षकांनी पालकांच्या सभेत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय मोकळेपणाने मांडला, तर अनेक घरांतील माउली वेळीच वाचू शकेल.