नितळ पाणी, निर्मळ पाणी

लहानपणी एकदा वडिलांनी ताईला व मला मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय दाखविले. १९५१ साली सुरू झालेले हे मत्स्यालय त्या काळी मुलांचे मोठे आकर्षण होते. काचेमागे संथपणे विहरणारे रंगीबेरंगी मासे पाहून आमचा पाय तेथून निघेना. घरी येताच आपणही मासे पाळावेत असा आम्ही हट्ट धरला. वडिलांनी ६० लिटर पाणी मावेल अशी काचेची टाकी व तीन लहान सोनमासे आणून दिले. ते म्हणाले, "मासे पाळणे म्हणजे त्यांचे पाणी सांभाळणे, हे विसरू नका."

चारच दिवसांत पाणी गढूळ झाले. तळाशी माशांची विष्ठा व उरलेले अन्न साचू लागले. नदीचे पाणी सतत वाहत असते. टाकीतील पाणी मात्र जागच्या जागी राहते. तेव्हा या पाण्याला फिरते ठेवणारी गाळणी आपण घरीच बनवू, असे ताईने ठरविले.

फिरकीचे घट्ट झाकण असलेली पाच लिटरांची प्लॅस्टिकची बरणी आम्ही घेतली. झाकणाला वडिलांनी दोन भोके पाडून दिली व त्यांत रबरी वायसर लावून दोन नळ्या बसविल्या. एक नळी बरणीच्या तळापर्यंत जात होती. दुसरी झाकणापाशीच संपत होती. बरणीत खालून वर असे तीन थर रचले. सर्वांत खाली जाड छिद्रांचा स्पंज, मध्ये जुन्या मातीच्या कौलांचे धुतलेले तुकडे आणि वर उशीत भरतात तसला कृत्रिम कापूस. टाकीतील लहान पंप पाणी पहिल्या नळीने बरणीच्या तळाशी ढकली. ते तिन्ही थरांतून वर चढे व दुसऱ्या नळीने पुन्हा टाकीत येई. विजेची जोडणी वडिलांनी स्वतः केली. त्या कामाला आम्हांला हात लावू दिला नाही. बरणी गळते की काय हे पाहण्यासाठी पहिला दिवसभर ती न्हाणीघरात चालवून पाहिली.

बरणी टाकीच्या खाली जमिनीवर होती. "एवढासा पंप इतक्या उंच पाणी कसा चढवील?" मी विचारले. वडील म्हणाले, "रहाटाला दोन पोहरे बांधले, तर खाली जाणारा पोहरा वर येणाऱ्याला हातभार लावतो ना? तसेच हे आहे. बरणी काठोकाठ भरलेली आहे व दोन्ही नळ्यांची तोंडे टाकीच्या पाण्यात बुडालेली आहेत. त्यामुळे उतरणाऱ्या पाण्याचा भार चढणाऱ्या पाण्याला तोलून धरतो. पंपाला केवळ नळ्यांतील व थरांतील अडथळ्यावर मात करावी लागते."

दीड-दोन महिने सारे सुरळीत चालले. पुढे गाळणीतून पाणी मंद येऊ लागले, म्हणून एका रविवारी आम्ही ती उघडली. स्पंज व कापूस नळाखाली धरून खसाखसा घासले. कौलांचे तुकडे तर उकळून काढले. गाळणी नव्यासारखी झाली! टाकीचे पाणीही इतके नितळ दिसू लागले की तळातला खडा न् खडा मोजावा. परंतु तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले आणि चौथ्या दिवशी सकाळी एक सोनमासा मरून तरंगताना दिसला. ताईच्या डोळ्यांतले पाणी खळेना.

शाळेत आम्ही गुरुजींना सारी हकीकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गाळणी कशी धुतलीत?" ताईने सांगताच ते म्हणाले, "मग तिच्यातले कामकरीच तुम्ही घालवलेत. पाणी नितळ होते. पण निर्मळ नव्हते."

गुरुजींनी समजावून सांगितले, "माशांच्या शरीरातून व कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया पाण्यात मिसळतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण लिटरभर पाण्यात काही मिलिग्रॅम साचला तरी मासे दगावू शकतात. गाळणीतील स्पंजावर व कौलांच्या खरबरीत तुकड्यांवर सूक्ष्मजीव वस्ती करतात. काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही त्या विषारी नायट्राइटचे पुष्कळच निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. ही वस्ती वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. उकळते पाणी व नळाच्या पाण्यातील क्लोरीन यांनी ती घटकेत नष्ट होते."

मग त्यांनी १८७७ सालचा एक प्रयोग सांगितला. फ्रान्समधील श्लोसिंग व म्युंट्झ या शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच बदल झाला नाही. नंतर मात्र अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे कार्य थांबले. पुढे बागेतील मातीचे थोडे पाणी घालताच काही दिवसांनी ते पुन्हा सुरू झाले. हे काम वाळूचे नसून सजीवांचे आहे, हे त्यावरून सिद्ध झाले.

गुरुजींनी शाळेतील मत्स्यपेटीच्या गाळणीतले मूठभर ओले खडे आम्हांला दिले. ते आम्ही कौलांत मिसळले. काही दिवस माशांना अगदी थोडे खाऊ घातले आणि रोज टाकीतील थोडे पाणी काढून, दिवसभर उघड्या बादलीत ठेवलेले नळाचे पाणी भरले. उरलेले दोन्ही मासे वाचले.

त्यानंतर आम्ही गाळणी धुतली ती टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने. सगळे थर एकाच दिवशी कधीही धुतले नाहीत. बरणीतला तो तपकिरी, बुळबुळीत थर पाहून पूर्वी आम्ही नाक मुरडीत असू. पुढे त्याला हात लावताना वाटे, की हे कोणाचे तरी घर आहे, जपून हाताळावे.

स्वाध्याय

१. लहान पंपाला पाणी वर चढविणे जड का गेले नाही?
२. गाळणी स्वच्छ धुतल्यावर मासा का मेला?
३. गुरुजींनी दिलेले मूठभर खडे व प्रयोगातील मातीचे पाणी यांत कोणते साम्य आहे?
४. 'नितळ' व 'निर्मळ' या शब्दांतील फरक स्पष्ट करून दोन्हींचा वाक्यांत उपयोग करा.