तबकडीला योग्य कार्ट्रिज

बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांची कितीतरी पदे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांवर मुद्रित झाली. पुढे भीमसेन जोशी व कुमार गंधर्व यांचे गायन 33⅓ फेऱ्यांच्या व्हिनाइल तबकड्यांवर आले. जुन्या संग्रहांत दोन्ही प्रकारच्या तबकड्या आढळतात. त्यांसाठी कार्ट्रिज निवडताना प्रथम किमतीचा नव्हे, तर खाचेचा विचार करावा लागतो. कारण चुकीच्या सुईने झिजलेली खाच पुन्हा भरून येत नाही.

कार्ट्रिजचे कार्य

तबकडीच्या प्रत्येक बाजूस एक सर्पिल खाच असते. ध्वनीच्या लहरी तिच्या भिंतींवर कोरलेल्या असतात. तबकडी फिरू लागली की त्या लहरींमुळे सुई थरथरते. ही थरथर विद्युत्-स्पंदांत बदलणारा घटक म्हणजे कार्ट्रिज होय.

सुईचे टोक

लाखेच्या तबकडीची खाच साधारणपणे 150 मायक्रॉन रुंद असते. व्हिनाइलची खाच तिच्या निम्म्याहूनही अरुंद असते. (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) म्हणून पहिलीसाठी सुमारे 65 ते 75 मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते, तर दुसरीसाठी 15 ते 18 मायक्रॉन त्रिज्येचे गोल टोक चालते. बारीक सुई रुंद खाचेत तळाशी घसरते आणि साचलेल्या धुळीची खरखर ऐकू येते. जाड सुई अरुंद खाचेत उतरतच नाही. ती वरच्या कडा मात्र खराब करते. ग्रामोफोनची पोलादी सुई व्हिनाइलवर कधीही टेकवू नये.

भार

ग्रामोफोनच्या ध्वनिपेटीचा भार शंभर ग्रॅमच्या आसपास असे. आजच्या चुंबकीय कार्ट्रिजना व्हिनाइलसाठी बहुधा दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो. भार अधिक झाल्यास झीज वाढते हे उघड आहे. परंतु तो फार कमी असला तरीही हानी होते. सुई भिंतींना सोडून उडते व पुन्हा आदळते. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच भार ठेवावा.

भुजेशी मेळ

भुजेचे परिणामी वस्तुमान व सुईच्या आधाराची लवचिकता मिळून एक दोलक तयार होतो. 1 मिलिन्यूटन बलाने सुई जितके मायक्रॉन सरकते, तो तिच्या लवचिकतेचा आकडा होय. भुजा व कार्ट्रिज यांचे मिळून ग्रॅममधील वस्तुमान या आकड्याने गुणावे, गुणाकाराचे वर्गमूळ काढावे व 159 ला त्याने भागावे. दोलकाची स्वाभाविक वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. ती 8 ते 12 हर्ट्झ असावी. उदाहरणार्थ, भुजा 12 ग्रॅम, कार्ट्रिज 6 ग्रॅम व लवचिकता 15 असल्यास उत्तर सुमारे 9.7 येते, हा मेळ उत्तम होय. एकूण वस्तुमान 30 ग्रॅम व लवचिकताही 30 असल्यास उत्तर 5.3 येते. मग वाकलेल्या तबकडीवर भुजा हेलकावे खाऊ लागते.

वर्धकाशी मेळ

स्फटिक वा सिरॅमिक कार्ट्रिज काही शतांश मिलिव्होल्ट नव्हे, तर शेकडो मिलिव्होल्ट देते. चल-चुंबक प्रकारात बहुधा 3 ते 5 मिलिव्होल्ट मिळतात. चल-वेटोळे प्रकारात अनेकदा अर्ध्या मिलिव्होल्टहूनही कमी. त्यामुळे शेवटच्या प्रकारास अधिक वर्धन लागते. वर्धकात तशी सोय नसेल, तर महाग कार्ट्रिजही निरुपयोगी ठरते.

सारांश, तबकडी, भुजा, वर्धक आणि शेवटी किंमत, या क्रमाने निवड करावी. दोन्ही प्रकारच्या तबकड्या असणाऱ्या ग्रंथालयाने बदलता येणाऱ्या दोन सुया ठेवाव्यात आणि प्रत्येक सुईच्या डबीवर तबकडीचा प्रकार ठळक अक्षरांत लिहावा. दुर्मीळ तबकडीवर सुई टेकविण्यापूर्वी ती डबी एकदा पाहिली, तर पुढील पिढीलाही तो आवाज ऐकता येईल.